सोमवारी नऊला येणारी नजर

दर सोमवारी सकाळी नऊच्या ठोक्याला कोणीतरी येऊन संजीवनी शिंत्रेला बघून जायचं, आणि तिच्या नवऱ्याला, मुकुंदला, हे मुळीच पसंत नव्हतं. येऊन म्हणजे वारज्यातल्या तिसऱ्या मजल्यावर जिना चढून नव्हे हो. ‘कामधाम’वर.

सन दोन हजार छत्तीसमध्ये ‘कामधाम’ ठाऊक नसलेला माणूस एकतर तान्हा असायचा, नाहीतर सुखी. नोकरीधंद्यातल्या लोकांनी एकमेकांना आपली ओळख दाखवायची ही जागा. वर फोटो, खाली शिक्षण, आजवर कुठं कुठं काय केलं त्याची जंत्री, आणि आपण किती थोर आहोत याबद्दल दोन-चार ओळी. आपलं पान कोणी पाहिलं हे पूर्वीपासून कळायचंच. ‘या आठवड्यात तुम्हाला सात जणांनी पाहिलं’ असा निरोप आला की भली भली माणसं दिवसभर मिशीला पीळ देत हिंडायची. ज्यानं नाव झाकून पाहिलं असेल, त्याच्या जागी नुसतं ‘यंत्रउद्योगातील एक व्यक्ती’ असं दिसायचं, आणि मग ती व्यक्ती कोण यावर घरोघर तर्क चालायचे.

पण गेल्या गणपतीत ‘कामधाम’नं ‘नजरखूण’ आणली आणि सगळा मामलाच बदलला. पान कोणी पाहिलं एवढंच नव्हे, पानावर कुठं पाहिलं, कोणत्या ओळीवर किती वेळ थांबलं, हेही दिसायला लागलं. दुसऱ्याची नजर बघायची असेल तर स्वतःची द्यायची, असा सौदा. लोकांनी तो डोळे मिटून केला. महिन्याभरात एका बड्या साहेबांची नजर हाताखालच्या बाईंच्या अनुभवावर शून्य सेकंद आणि फोटोवर सव्वा मिनिट अशी निघाली, आणि साहेब दीर्घ रजेवर गेले. दोन जिवलग मित्र तुटले, कारण एकानं दुसऱ्याच्या बढतीची ओळ अकरा वेळा वाचली होती आणि अभिनंदन मात्र केलं नव्हतं. नजर सरळ ठेवायला शिकवणारे क्लास निघाले. माणसाला तोंड सांभाळायची सवय होती; आता डोळेही सांभाळावे लागले.

तर संजीवनीचा हा सोमवारचा पाहुणा. नाव झाकलेलं. वेळ नऊ. मुक्काम वीस-पंचवीस मिनिटं. आणि ‘ओढ’ या आकड्यापुढं शंभरपैकी एक्याण्णव.

‘‘एक्याण्णव!’’ मुकुंद चहाचा कप आपटत म्हणाला. ‘‘आपल्या लग्नात माझीसुद्धा एवढी नसेल.’’

‘‘ते मला तेव्हाच दिसलं होतं,’’ संजीवनी म्हणाली.

‘‘चेष्टा नको. कोण आहे हा?’’

‘‘मला काय माहीत! आणि तू एवढी चौकशी करतोस, तू कधी उघडलंस का रे माझं पान? बघ, इथं लिहिलंय. मुकुंद शिंत्रे: कधीही नाही.’’

‘‘मी तुला रोज समोर बघतो की.’’

‘‘बघतोस? मग सांग बरं, मी आत्ता कोणत्या कामासाठी अर्ज केलाय.’’

मुकुंद पेपर शोधायला लागला. तीस वर्षांचा संसार, माणूस वाईट नव्हता. पण त्या आठवड्यापासून सोमवारी नऊला तो मुद्दाम हॉलमध्येच घुटमळायचा आणि दिवसभर फुगून बसायचा.

अर्ज होता मुख्य तपासनीस या जागेसाठी. ड्रॉइंग काढायचं काम यंत्रं करायला लागून आठ-दहा वर्षं झाली होती. सांगाल तसला पंप, सांगाल तसला गिअरबॉक्स, यंत्र पाच मिनिटांत काढून द्यायचं. पण दोन-तीन मोठे अपघात झाल्यावर कायदा आला: प्रत्येक ड्रॉइंगवर ‘तपासलं’ या रकान्यात जिवंत माणसाची सही पाहिजे. आणि मग शोधायला गेले तर तपासता येणारी माणसं उरली होतीच किती! संजीवनी सत्तावन्न वर्षांची, अशा मोजक्यांपैकी एक. पुण्यातल्याच एका बड्या कंपनीनं तिला दोनदा बोलावलं होतं. तिच्या पानावरची एक ओळ त्यांना फार आवडली होती: ‘पस्तीस वर्षं, एकही चूक नाही.’

ती ओळ तिनं लिहिली नव्हती, बरं का. ‘कामधाम’च्या लेखनिक यंत्रानं तिच्या जुन्या नोंदी चाळून आपणहून लिहिली होती आणि विचारलं होतं, ठेवू का? संजीवनीनं क्षणभर बोट वर धरलं होतं. मग ‘ठेव’वर टेकवलं होतं.

फेब्रुवारीत तनया घरी आली. तनया म्हणजे यांची मुलगी, नाशिकला डोळ्यांच्या दवाखान्यात डोळे तपासायचं काम करायची. बापानं आल्या आल्या तिच्याकडे तक्रार गुदरली.

‘‘बाबा, ओढ म्हणजे प्रेम नव्हे,’’ ती हसत म्हणाली. ‘‘गोंडस नाव दिलंय नुसतं. फोनच्या कडेला एक बारीक दिवा असतो, त्याचा उजेड आपल्याला दिसत नाही. तो बुबुळावरून परत येतो, त्यावरून नजर कुठं आहे ते कळतं. आणि मनाला काही भिडलं की डोळ्याची बाहुली मोठी होते, ते मोजून हा आकडा काढतात. पण बाहुली आवडीनं मोठी होते तशी भीतीनं होते, संतापानंही होते. कशानं झाली ते यंत्राला कळत नाही.’’

‘‘म्हणजे हा माणूस चिडलेला पण असेल?’’ मुकुंदचा चेहरा जरा खुलला.

‘‘असेल की. आई, तू याची वाट उघडून पाहिलीस का कधी?’’

‘‘वाट कसली?’’

‘‘नजरेची. आपल्याला वाटतं डोळा ओळीवरून सरकत जातो. तसं नसतं. तो उड्या मारतो, सेकंदाला तीन-चार. टेकतो तिथलंच दिसतं, उडी चालू असताना आपण जवळजवळ आंधळे असतो आणि मधलं मेंदू भरून काढतो. प्रत्येकाची उड्या मारायची तऱ्हा वेगळी. जिन्यावर पाऊल वाजलं की बाबा आले हे कळतं ना, तसंच. नाव झाकता येतं, चाल झाकता येत नाही.’’

तनयानं टॅबलेटवर ती वाट उघडली. संजीवनीच्या पानावर बारीक निळा दोरा उमटायला लागला, टेकेल तिथं ठिपका.

‘‘गंमतच आहे,’’ तनया म्हणाली. ‘‘सगळी माणसं आधी फोटो बघतात. हा बघ कुठून सुरुवात करतोय. उजव्या हाताला, तळाच्या कोपऱ्यात. तिथं तर काहीच नाही, पान शेवटचं कधी बदललं त्याची तारीख आहे फक्त.’’

संजीवनी पोह्यांची बशी घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. दोरा तळाच्या कोपऱ्यातून उडाला तो थेट वरच्या डाव्या कोपऱ्यात. तिथून कडेकडेनं खाली, घड्याळाच्या उलटा एक फेरा. मग आत. प्रत्येक आकड्यावर एक ठिपका.

‘‘आई, तू पण अशीच बघतेस,’’ तनया म्हणाली. ‘‘लग्नपत्रिका आली की आधी तळाचा कोपरा. मी लहानपणापासून बघतेय.’’

दोरा आता एका ओळीपाशी आला होता. ‘पस्तीस वर्षं, एकही चूक नाही.’ त्या ओळीच्या एका टोकाला वर टेकला, खाली टेकला, दुसऱ्या टोकाला खाली, मग वर. पुन्हा तसाच. पुन्हा. चार कोपरे.

‘‘अण्णा,’’ संजीवनी म्हणाली आणि बशी टेबलावर ठेवून खाली बसली.

पस्तीस वर्षांपूर्वी सांगलीजवळ माधवनगर रस्त्याला ‘प्रभात पंप’ म्हणून कारखाना होता. संजीवनी तोडकर तेव्हा बावीस वर्षांची, डिप्लोमा करून नुकतीच ड्रॉइंग ऑफिसात लागलेली. काय दिवस होते ते! उंच तिरकी टेबलं, त्यावर ताणून बसवलेली ट्रेसिंग फिल्म, शाईची पेनं सुकू नयेत म्हणून सारखी हलवत ठेवायची. कोपऱ्यातल्या मशीनमधून प्रिंट निघाली की अमोनियाचा असा भपकारा यायचा की सर्दी झालेल्याचं नाक मोकळं व्हायचं. दुपारी डबे एकत्र उघडायचे, मगदूमअण्णांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी सगळ्यांना पुरायची. ड्रॉइंगवर ती आपली आद्याक्षरं टाकायची, एस. टी.; आणि संध्याकाळी पाच चाळीसची एसटी पकडायला रोज पळायची. झालं, ऑफिसनं तिचं नावच एसटी ठेवलं.

मगदूमअण्णा तपासनीस. चाळिशीचे, काळेसावळे, शर्टच्या खिशात दोन पेन्सिली, एक पिवळी, एक लाल. शनिवारी काढलेली ड्रॉइंगं ते सोमवारी नऊला तपासायला घ्यायचे. सोमवारी नऊला सगळे आपापल्या टेबलाची कड धरून उभे. बरोबर आकड्याला पिवळी खूण. चूक दिसली की भोवती लाल चौकोन. पण बरोबर आकडा काय, ते मात्र कधी लिहायचे नाहीत.

‘‘तपासणारानं चूक दाखवायची,’’ ते म्हणायचे. ‘‘सुधारायची काढणारानं. मी सुधारली तर शहाणपण माझं होतंय, तुझं नाही.’’

आणि कोपऱ्याचं त्यांनीच शिकवलं होतं. ‘‘आधी उजवा कोपरा. कोणी काढलं, कधी काढलं, कितवं रिव्हिजन. माणसाला नाव-गाव विचारल्याशिवाय घरात घेतीस काय? मग ड्रॉइंगला कसं घेतीस?’’ उलटा फेरा ही खास त्यांची तऱ्हा. दुसऱ्या कोणाची तशी तिनं कधी पाहिली नाही.

एका शनिवारी पंपाच्या कव्हरचं ड्रॉइंग तयार झालं. घाईचं होतं म्हणून अण्णांनी ते तिथंच तपासलं, सही केली, ट्रेसिंग तिच्या हातात दिली आणि घरी गेले. पाच वाजून वीस मिनिटांनी ओतकामाचे साचे करणाऱ्या पॅटर्न शॉपमधून फोरमनचा फोन: भोकांचं अंतर चुकलंय, एवढं एवढं करून द्या. नियम स्पष्ट होता. सही झालेल्या ड्रॉइंगमधला ठिपका जरी बदलला तरी रिव्हिजन चढवायचं, ए चं बी करायचं, आणि पुन्हा तपासून घ्यायचं. पण अण्णा गेले होते आणि एसटीला वीस मिनिटं होती. संजीवनीनं अर्ध्या ब्लेडनं शाई खरवडली, नवा आकडा टाकला, प्रिंट काढून दिली आणि पळाली. फोरमन दुसऱ्याच पंपाबद्दल बोलत होता.

बेचाळीस कव्हरं ओतून आली, एकही बसेना. साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. अण्णांनी ट्रेसिंग घेतली, ट्यूबलाइटपुढं धरली, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘तपासलं मी. सही माझी. चूक माझी.’’ संजीवनी दोन हातांच्या अंतरावर उभी होती. ती पुढं आली नाही. महिन्याभरानं अण्णा नोकरी सोडून गेले. जाताना त्यांनी सगळ्यांचा निरोप घेतला, तिच्या टेबलापाशी क्षणभर थांबले, आणि ती मान खाली घालून रेघ ओढत राहिली. पाच वर्षांत ती त्या ऑफिसची प्रमुख झाली.

हे सगळं तिनं त्या दिवशी पहिल्यांदा कोणाला सांगितलं. तनया तिचा हात धरून बसली. मुकुंद खिडकीपाशी उभा होता.

‘‘तीस वर्षांत मला एकदाही सांगितलं नाहीस,’’ तो म्हणाला. राग नव्हता आवाजात, दुखावला होता.

‘‘लाज वाटायची रे.’’

‘‘माझी?’’

‘‘माझी मलाच.’’

‘‘आता काय करणार तुमचे अण्णा? त्या कंपनीला कळवतील?’’

तीच भीती तिलाही होती. लाल चौकोन ती ओळखत होती. दर सोमवारी ते तिला खोटी म्हणत होते, आणि ते खरंच होतं. ओढीचा आकडा वाढत चालला होता. पस्तीस वर्षांचा संताप असेल तर एक्याण्णवसुद्धा कमीच की.

तनया मात्र सगळ्या सोमवारांच्या वाटा एकाखाली एक लावून बघत होती. तिचा चेहरा उतरला.

‘‘आई, हे बघ. सप्टेंबरात ते तळाच्या कोपऱ्यातून वर एका उडीत जात होते. डिसेंबरात तीन उड्या. आता बघ, चाचपडतायत. कोपरा चुकतो, परत मागं येतात, पुन्हा शोधतात. त्यांना कडेचं दिसत नाहीये. काचबिंदूत असं होतं. नळीतून बघितल्यासारखं दिसायला लागतं, आणि नळी अरुंद होत जाते. माझ्याकडे असे रुग्ण रोज येतात.’’

‘‘किती दिवस दिसेल?’’

‘‘पेशंट बघितल्याशिवाय कसं सांगू? पण ही चाल बघता फार नाही. महिना, दोन महिने.’’

संजीवनी उठली आणि पोहे गरम करायला आत गेली. कढईसमोर उभं राहून ती रडली. एक गोष्ट तिला कळून चुकली: ती ओळ सुधारायची तर अण्णांना वाचता येतंय तोवरच सुधारायला हवी. नंतर सुधारून उपयोग काय? आणि सुधारली, तर नोकरी गेली. चूक कबूल केलेला मुख्य तपासनीस कोण घेणार?

दोन दिवस ती घरात नुसती फिरत राहिली. तिला काम हवं होतं. घरी बसून तिचं डोकं सडायला लागलं होतं, आणि ‘तपासलं’ या रकान्यात आपली सही असावी हे स्वप्न तिनं बाविसाव्या वर्षापासून पाहिलं होतं. एकदा मनात आलं, ओळ नुसती काढून टाकावी, गुपचूप. मग तिचं तिलाच हसू आलं. म्हणजे पुन्हा अर्धं ब्लेड, पुन्हा रिव्हिजन नाही!

शुक्रवारी सकाळी तिनं पान उघडलं आणि ती ओळ काढून लिहिलं: ‘२००१ साली प्रभात पंपमध्ये तपासनीसांची सही झाल्यावर मी एक आकडा परवानगीशिवाय बदलला. माल वाया गेला. दोष दुसऱ्यानं घेतला आणि मी गप्प बसले. त्या तपासनीसांची चूक नव्हती.’ तळाच्या उजव्या कोपऱ्यात तारखेशेजारी लिहिलं: रिव्हिजन बी.

कंपनीच्या माणसाची नजरखूण दुपारी आली. अकरा सेकंद. नव्या मजकुरावर टेकली आणि तिथूनच गेली. शनिवारी निरोप आला की त्या जागेचा ते नव्यानं विचार करत आहेत. मुकुंदनं तो वाचला आणि संध्याकाळी स्वतः जाऊन तिच्या आवडीची बाकरवडी घेऊन आला.

सोमवारी नऊला दोघंही टॅबलेटपुढं बसले होते. वाट उमटायला लागली. पण काय ती वाट! पानाच्या मधोमध एक ठिपका, त्याच्या शेजारी दुसरा, मुंगीच्या पावलांनी. खाली जायला बघतायत, कोपरा सापडत नाही. वर गेले, हरवले, पुन्हा मधोमध. पन्नास मिनिटं चाललं होतं. नव्या मजकुरावर एकही ठिपका पडला नाही. ओढ सत्त्याण्णव.

‘‘त्यांना वाचता येत नाहीये,’’ संजीवनी म्हणाली.

‘‘मग नेऊन दे की हातात,’’ मुकुंद म्हणाला. ‘‘पत्ता काढ. गाडी मी चालवतो.’’

पत्ता जुन्या ऑफिसातल्या एकाकडे मिळाला: जयसिंगपूर, अकरावी गल्ली. संजीवनीनं माळ्यावरून जुनी ट्रेसिंग फिल्मची गुंडाळी काढली, शाईची पेनं कोमट पाण्यात भिजवून सुरू केली आणि जेवणाच्या टेबलावर ते सगळं पान हातानं उतरवून काढलं. अक्षरं बोटभर उंच. उजव्या कोपऱ्यात रीतसर चौकट: काढलं, तपासलं, तारीख, रिव्हिजन. दीड दिवस लागला. पाठ मोडून आली, पण रेघ हलली नाही.

जयसिंगपूर म्हणजे पट्टी लावून आखल्यासारखं गाव, गल्लीला नुसता आकडा. घर लगेच सापडलं. सुनेनं दार उघडलं. ओसरीत टेबलाशी अण्णा बसले होते, शहात्तर वर्षांचे, वाळलेले. पण शर्टच्या खिशात दोन पेन्सिली होत्या.

‘‘कोण आलंय गं?’’ त्यांनी सुनेला विचारलं.

‘‘अण्णा, मी. संजीवनी. तोडकरांची.’’

अण्णांनी मान वर केली. नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली, मग परत येऊन तिच्या तोंडावर थांबली.

‘‘एसटी?’’

‘‘हो, अण्णा.’’

‘‘पस्तीस वर्षं लेट,’’ अण्णा म्हणाले. ‘‘बस.’’

वाटेत तिनं चार वाक्यं पाठ केली होती, त्यातलं पहिलं तिनं सुरू केलं. ‘‘अण्णा, तेव्हाची ती चूक...’’

‘‘तोंडी सांगू नको. कागद आणलाय काय?’’

तिनं फिल्म टेबलावर पसरली, खाली पांढरा कागद घातला. अण्णांचा हात चाचपत उजव्या खालच्या कोपऱ्यात गेला. मग ते इतके वाकले की नाक फिल्मला टेकलं. मोठ्यानं वाचायला लागले, एकेक अक्षर सोडवत. ‘‘काढलं, एस. टी. तारीख, बरोबर. रिव्हिजन... बी.’’ तिथं ते थांबले. मग वरचा डावा कोपरा, मग उलटा फेरा. मग तो मजकूर. संजीवनी टेबलाची कड धरून उभी होती, सोमवारी नऊला उभी राहायची तशीच.

‘‘ट्यूबलाइटपुढं धरली तेव्हाच मला दिसलं होतं,’’ अण्णा म्हणाले. ‘‘ब्लेडनं खरवडलं की फिल्म पांढुरकी होती.’’

‘‘मग तुम्ही बोलला का नाहीत?’’

‘‘बोललो की. माझी चूक होती ती माझी म्हणून बोललो. तुझी तू बोलशील म्हणून थांबलो. संध्याकाळपर्यंत थांबलो. मग महिनाभर थांबलो.’’

‘‘रागावलात ना?’’

‘‘रागवू नको तर काय करू? दहा-बारा वर्षं तुझं नाव काढलं नाही या घरात. मग विसरलो. आता नातीनं ते यंत्र आणून दिलं, बघतोय तर तुझा फोटो, हसतीयास, आणि खाली काय? एकही चूक नाही! म्हटलं, ही पोरगी अजून शिकली नाही. नात म्हणाली, आजोबा, तुम्ही कुठं बघताय ते तिला दिसतंय. म्हटलं, मग झालं की. लाल पेन्सिल कशाला पाहिजे? दर सोमवारी चौकोन काढत होतो. तेवीस सोमवार झाले, एसटी. पूर्वी एका सोमवारात कळायचं तुला.’’

संजीवनीला हसूही आलं आणि डोळेही भरले. ‘‘मला वाटलं, तुम्ही चिडून बघताय. नाव का झाकलंत?’’

‘‘चूक बघून सुधारायची का माणूस बघून?’’

अण्णांनी पिवळी पेन्सिल काढली. एकेका ओळीशी वाकत, हातानं अंदाज घेत, खुणा करत गेले. शेवटच्या ओळीपाशी थांबले. पिवळी ठेवली, लाल घेतली. ‘त्या तपासनीसांची चूक नव्हती’ या ओळीभोवती त्यांनी चाचपत चौकोन काढला.

‘‘हे चूक आहे.’’

‘‘अण्णा, खरंच तुमची काही...’’

‘‘सही झालेली ट्रेसिंग कपाटात कुलपात ठेवायची, हा नियम माझ्यासाठी होता. मला घरी जायचं होतं, मी तुझ्या हातात दिली. ती चूक माझी. माझी मला राहू दे. सुधार.’’

तिनं सोबत आणलेली जुनी कंपास पेटी उघडली, अर्धं ब्लेड काढलं, ओळ हलक्या हातानं खरवडली आणि तिथं लिहिलं: ‘सही झालेली ट्रेसिंग कुलपात न ठेवणं, एवढीच तपासनीसांची चूक.’ शाई वाळेपर्यंत ती फुंकर घालत राहिली. दारातून मुकुंद हे सगळं बघत होता, आत यावं की नाही ते त्याला कळत नव्हतं.

‘‘झालं?’’ अण्णांनी विचारलं. ‘‘सही करू?’’

‘‘थांबा,’’ संजीवनी म्हणाली. तिनं कोपऱ्यातलं बी खोडलं आणि सी लिहिलं. ‘‘आता करा. रिव्हिजन चढवलंय.’’

अण्णांनी मान हलवली. मग पेन मागितलं. ‘‘तपासलं ते कुठाय? मला दिसत नाही गं. बोट ठेव तिथं.’’

तिनं त्या रकान्याच्या कडेला बोट ठेवलं. अण्णांनी डाव्या हातानं ते चाचपलं आणि उजव्या हातानं सही केली, पूर्वीसारखीच, खाली लांब रेघ ओढून.

‘‘बसली काय चौकटीत?’’

पूर्वीची संजीवनी असती तर बसली म्हणाली असती. ‘‘नाही, अण्णा. निम्मी माझ्या नखावर आलीय.’’

अण्णा हसले. इतक्या वर्षांत ते हसणं तिच्या कानांतून गेलं नव्हतं. ‘‘असू दे,’’ ते म्हणाले. ‘‘तेवढी तू घेऊन जा.’’

सुनेनं शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. परतताना सांगलीच्या पुढं मुकुंदनं तिच्या हाताकडे पाहिलं आणि शाई पुसायला रुमाल पुढं केला. संजीवनीनं नको म्हटलं आणि हात मांडीवर उताणा न ठेवता पालथा ठेवला, नख दिसेल असा.